धरून ठेवणाऱ्या मुली

सोनोग्राफी सेंटरमधून सकाळी फोन आला तेव्हा गंधाली केस विंचरत होती, म्हणून तो प्रेमाआजींनी उचलला. पलीकडची मुलगी पाठ केल्यासारखं बोलत होती. पेशंटला भरपूर पाणी पाजून आणा, तपासणी होईपर्यंत लघवीला जाऊ देऊ नका, लहान मुलं थांबत नाहीत आणि मग सगळ्यांचाच खोळंबा होतो.

"त्याची काळजी तुम्ही करूच नका," आजी म्हणाल्या. "आमची निधी म्हणाल तेवढा वेळ थांबते."

हे सांगताना आवाजात जी ऐट आली ती त्यांची त्यांनाच खटकली. फोन ठेवून वळतात तो सून दारात उभी. गंधाली काही बोलली नाही. हल्ली ती फारसं बोलतच नसे, आणि तिचं ते न बोलणं आजींना भांडणापेक्षा जड जाई. भांडणाला घाबरणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच मुळी. घाटकोपरच्या टेकडीवर नळावर भांडण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

नात सात वर्षांची. दिवाळीपासून तिला तीनदा ताप आला होता. पहिल्यांदा सगळे म्हणाले, हवा बदललीय. दुसऱ्यांदा म्हणाले, शाळेतून काहीतरी घेऊन आली. तिसऱ्यांदा अंग असं भाजायला लागलं की सुशांतने, म्हणजे आजींच्या मुलाने, तिला उचलून थेट बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. लघवीत जंतू निघाले. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा शूला जाते ही?" सुशांतने बायकोकडे पाहिलं. गंधाली सकाळी बँकेत जायची ती संध्याकाळी यायची, तिने सासूकडे पाहिलं. आणि प्रेमाआजींनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "सकाळी उठल्यावर एकदा. मग एकदम शाळेतून आल्यावर, संध्याकाळी. मध्ये अज्जिबात नाही. पाण्याची बाटलीसुद्धा भरलेली परत आणते बिचारी."

डॉक्टर लिहायचे थांबले. त्यांनी आजींकडे पाहिलं, मग निधीकडे पाहिलं आणि मग किडन्यांची सोनोग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं. वारंवार असं होत असेल तर किडनीला धक्का बसलेला असू शकतो, म्हणाले.

त्या रात्री जेवणं झाल्यावर गंधाली स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाली, "रिपोर्ट खराब आला ना सुशांत, तर मी निधीला घरी ठेवणार नाही. बँकेजवळ चांगलं पाळणाघर आहे. शाळा सुटली की तिथेच."

आजींचे गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि अंथरुणावर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिल्या. नवरा, सीताराम, जाऊन सहा वर्षं झाली होती. कुर्ल्याची गिरणी बंद पडल्यावर तो माणूस वॉचमन झाला, पण कधी खचला नाही, शेवटी हसत हसतच गेला. त्यानंतर घरात आजींना धरून ठेवणारं माणूस म्हणजे ही एवढीशी निधी. तिला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायचं, वर आणायचं, दूधपोळी चुरून द्यायची, यापलीकडे आजींना दिवस म्हणून उरला नव्हता. ती पाळणाघरात गेली की या बाराव्या मजल्यावर त्या आणि खिडकीतला ओवा, एवढंच.

तो ओवा म्हणजेही एक प्रकरण होतं. सगळं जग कुंडीत झाडं लावतं, प्रेमाआजींनी ओवा लावला होता ॲल्युमिनियमच्या जुन्या टमरेलात. चेपलेलं, कडी वाकडी झालेलं टमरेल. गंधाली पार्ल्याची, चार खोल्यांच्या घरात वाढलेली. लग्न होऊन आल्यावर ते काय आहे हे कळलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. "आई, संडासचं टमरेल? खिडकीत?" सुशांत हसून हसून बेजार झाला होता. आजी एवढंच म्हणाल्या होत्या, "असू दे गं. माझ्या बहिणीचं आहे." पुढे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

रिक्षा डोंगराखालून निघाली. आजी एका बाजूला, गंधाली दुसऱ्या बाजूला, मध्ये निधी, मांडीवर पाण्याची स्टीलची बाटली. आयुष्यात पहिल्यांदाच आजी आणि आई दोघी एकाच सुरात "पी, अजून पी" म्हणत होत्या, त्यामुळे निधी खुशीत होती.

"आजी, सगळं पिऊन पण मी धरून ठेवलं, तर चिक्की?"

ही चिक्कीची भानगड गंधालीला माहीत नव्हती. शाळेतून आल्यावर बाटली भरलेली असली की आजी हातावर चिक्कीचा तुकडा ठेवत. शाळेतलं संडास कसं असतं ते काय त्यांना ठाऊक नव्हतं? पोरगी कुठल्या घाणीत बसेल, कोण दार ढकलेल, त्यापेक्षा घरी आलेलं बरं. पाणी कमी प्यायलं म्हणजे प्रश्नच मिटला. यात काही चुकतंय असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं, कारण त्यांनाही असंच वाढवलं होतं आणि त्या चांगल्या ठणठणीत होत्या. सुशांतच्या लग्नात पार्ल्याच्या हॉलवर सकाळपासून रात्रीपर्यंत त्या एकदाही उठल्या नव्हत्या. गावी जाताना रात्रभर एसटीत, गाडी कुठेही थांबली तरी प्रेमाबाई सीटवरच. घराबाहेर जायचं नाही म्हणजे नाही. बाईमाणसाचं शहाणपण यातच असतं, असं त्या मानत आल्या होत्या.

गंधालीने चिक्कीचं ऐकलं आणि रिक्षाबाहेर तोंड फिरवलं.

सेंटर पहिल्या मजल्यावर होतं. भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नाही अशी पाटी, तिच्याखाली खुर्च्यांची रांग, आणि त्या रांगेत चुळबुळणाऱ्या बायका. पाणी पिऊन पिऊन सगळ्यांचे जीव कासावीस झालेले. एक पिवळ्या ड्रेसमधली बाई दर दोन मिनिटांनी काउंटरपाशी जाऊन, "मॅडम, माझा नंबर घ्या ना, आता वाट लागली माझी," म्हणत होती. निधी मात्र पाय हलवत, भिंतीवरच्या चित्रातले मासे मोजत शांत बसली होती. आजींना वाटलं, बघा जरा सगळ्यांनी, कशी बसलीय माझी पोर. आणि लगेच वाटलं, हेच तर नाही ना ते दुखणं?

बायकांची ती रांग बघून आजींचं मन मात्र केव्हाच टेकडीवर पोहोचलं होतं. आज जिथे त्यांची इमारत उभी आहे तिथे तेव्हा पत्र्याच्या खोल्या होत्या. सगळी कोकणातली माणसं, मालवण-कणकवलीकडची. पुरुष गिरण्यांत, बायका घरात, आणि संडास खाली, डोंगराच्या पायथ्याशी. उजाडायच्या आत बायकांची फेरी निघायची. पुढे सुंदराबाई. ती आपल्या टमरेलावर बांगड्यांनी टणटण वाजवत प्रत्येक दारापुढून जायची आणि हाळी द्यायची, "चला गो बायांनो, उजाडता हा!" त्या आवाजासरशी दारं उघडायची. झोपाळलेल्या पोरी, गरोदर सुना, म्हाताऱ्या, सगळ्या हातात टमरेल घेऊन एकामागे एक उतरायच्या. काय गप्पा व्हायच्या त्या उतारावर! कुणाची सासू काय म्हणाली, कुणाच्या नवऱ्याने पगार कुठे उधळला, कुणाची पोर शहाणी झाली. सुंदराबाई नकला करायची आणि बायका पोट धरून हसायच्या, मग एकमेकींना म्हणायच्या, "हसवू नको गो, हयच होईल."

प्रेमाआजींना हे आठवलं की हसू यायचं. आता घरात दोन-दोन संडास आहेत, चकचकीत लादी आहे, पण दार उघडलं की समोर बंद दारं. हाळी देणारं कुणी नाही. बाराव्या मजल्यावर आल्यापासून त्यांना चार बायकांनी मिळून हसल्याचा आवाज ऐकल्याचं आठवत नव्हतं.

एकदा उजाडलं की मात्र बायकांची फेरी बंद. दिवसभर तिथे पुरुषांची ये-जा असायची. मग थेट दिवेलागणीला. मधला सगळा दिवस धरून ठेवायचा. आया दुपारी पोरींच्या हातातून तांब्या काढून घ्यायच्या, "पाणी पिऊ नको, मग जावंसं वाटेल." आणि पोरींनी त्याचाही खेळ केला होता. फुगडी घालायची, उड्या मारायच्या, आणि जिला आधी लागेल ती हरली. प्रेमा कधी जिंकायची, कधी हरायची. तिची धाकटी बहीण मालन कधीच हरली नाही. काटकुळी, मोठ्या डोळ्यांची मालन. सुंदराबाई तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "ह्या पोराक बघा. दगड आसा दगड!" आणि मालन अशी फुलायची की बघत राहावं.

"निधी सुशांत," काउंटरवरून हाक आली.

आत अंधुक उजेड होता. डॉक्टर जयवंत म्हणजे मध्यमवयीन बाई होत्या, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं हळू. त्यांनी निधीला पलंगावर झोपवलं, पोटावर गार जेल लावलं तशी निधी खिदळली. डॉक्टरांनी हातातलं यंत्र पोटावर फिरवलं. पडद्यावर करडं काळं काहीतरी हलायला लागलं. आजींना त्यात काहीच कळेना. नातीचं आतलं अंग असं पडद्यावर बघायला मिळतंय याचंच त्यांना नवल वाटत होतं.

"अगं बाई, केवढं धरून ठेवलंयस!" डॉक्टर म्हणाल्या. "दुखत नाही?"

"नाही," निधी अभिमानाने म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा मात्र बदलला. त्यांनी निधीला कुशीवर वळवलं, पाठीकडून पाहिलं, पुन्हा दुसऱ्या कुशीवर. मग गंधालीला जवळ बोलावून पडद्यावर बोट ठेवलं. "ही किडनी. मधला हा काळा भाग दिसतो ना, तिथे लघवी तुंबलीय. दोन्हीकडे आहे, डावीकडे जास्त. मूत्राशय इतकं ताणलंय की लघवीला खाली जायला जागाच नाही, ती उलटी वर चढते. त्यातून जंतू वर जातात, ताप येतो, आणि दर वेळी किडनीवर वण राहू शकतो." त्या थांबल्या. "आता हिला शू करून आणा. मूत्राशय रिकामं झाल्यावर हा काळा भाग ओसरला, तर काळजी बरीच कमी होईल. नाही ओसरला, तर मात्र आपल्याला मोठ्या तपासण्यांकडे जावं लागेल. घरात कुणाला लहानपणी किडनीचा त्रास होता?"

"छे छे," आजी चटकन म्हणाल्या. "आमच्याकडे सगळे ठणठणीत."

"सकाळी उठल्यावर हिचं तोंड सुजलेलं दिसतं का? डोळ्यांखाली? डोकं दुखतं म्हणते?"

गंधाली म्हणाली, "नाही, तसं काही नाही."

आजींच्या हातातली पर्स खाली पडली, ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

मालनचं तोंड सुजायचं. सकाळी उठली की डोळे बारीक झालेले असायचे आणि सगळे हसायचे, म्हणायचे, रात्रभर झोपलीय बघा कशी मेली. मग पाय सुजले. मग डोकं धरून कोपऱ्यात बसायची, ओकायची. आईने दृष्ट काढली. कुणी म्हणालं कावीळ, कुणी म्हणालं बाहेरचं. गावाहून अंगारा आला. आधी तापही यायचा तिला, सारखा यायचा, पण ताप कुणाला येत नाही? पावसाळा संपता संपता मालन गेली. तिला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली होती, आणि पोर कशाने गेली हे त्या घरात कुणालाही, कधीही कळलं नव्हतं.

बाहेर गंधाली निधीला बाथरूममध्ये घेऊन गेली आणि थोड्या वेळाने तशीच परत आली. निधी करत नव्हती. नळ सोडून झाला, शूऽऽ करून झालं, रागावून झालं. "घरी गेल्यावर," एवढंच निधी म्हणत होती. काउंटरवरची मुलगी आली, तिने चॉकलेट दाखवलं. निधीने मान हलवली. गंधालीचे डोळे भरून आले. "निधी, प्लीज ना गं. डॉक्टर थांबल्यात." पोरगी हट्टी नव्हती, हे आजींना कळत होतं. ती शहाणी होती. तिला जे शिकवलं होतं तेच ती जिवापाड करत होती.

निधीने आजीकडे पाहिलं. केवढी मोठी आशा होती तिच्या डोळ्यांत! "आजी, मी अजून धरलंय. बघ."

मालन अशीच बघायची सुंदराबाईकडे. आजींना भडभडून आलं, पण रडायची ही वेळ नव्हती.

"निधी बाळा, आता सोडायचं. जा."

"पण तूच सांगितलंयस, बाहेर जायचं नाही." निधी मोठ्याने म्हणाली. सगळा हॉल ऐकत होता. "तू पण जात नाहीस. कध्धीच नाही."

प्रेमाआजींना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात खरी गोष्ट अशी की निधीबरोबर पाणी पिता पिता त्यांनीही सकाळपासून दोन तांबे रिचवले होते आणि त्याही आल्यापासून धरूनच बसल्या होत्या. बाहेर न जाण्याचा त्यांचा नेम आजतागायत मोडला नव्हता. तो असा, चारचौघांत, सोनोग्राफीच्या दवाखान्यात मोडायची वेळ येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसतं.

त्या उठल्या. निधीच्या खुर्चीवरची स्टीलची बाटली घेतली, उरलेलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं, आणि बाटलीवर हातातल्या बांगड्या आपटल्या. टण टण टण.

"चला गो बायांनो!" त्यांनी हाळी दिली. "चला, उजाडता हा!"

काउंटरवरची मुलगी दचकली. गंधालीने तोंडावर हात ठेवला. पिवळ्या ड्रेसवाली बाई कळवळून म्हणाली, "आजी, मला पण न्या हो," तशा सगळ्या बायका हसायला लागल्या, आणि पोटं भरलेली असल्याने हसताही येईना म्हणून आणखीच हसायला लागल्या. निधीलाही हसू फुटलं.

"कुठे चाललीस आजी?"

"डोंगराखाली. आमच्यात एकीने जायचं आणि दुसरीने दाराशी उभं राहायचं, अशी रीत होती. आधी मी जाते. तू उभी राहा. कुणाला आत सोडू नको हं."

आजी आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. स्वच्छ होतं आत, फिनेलचा वास होता, कोपऱ्यात भरलेली बादली. भिण्यासारखं काहीही नव्हतं. तरी त्यांना होईना. साठ वर्षांची सवय अंगात मुरलेली, ती एका मिनिटात कशी सुटणार? दाराबाहेर निधीची चप्पल दिसत होती, फटीतून. दोन छोटे पाय दाराला चिकटून उभे.

आणि तेव्हा त्यांना आठवलं. दाराशी नेहमी मालनच उभी असायची. खालच्या त्या संडासांना कड्या नव्हत्या. मोठ्या बायका आत जायच्या, आणि सगळ्यांत लहान म्हणून दार धरायचं काम मालनचं. प्रेमा आत, मालन दाराशी. प्रेमा बाहेर आली की सुंदराबाई आत, मग आणखी कुणी. आणि कितीदा तरी असं व्हायचं की मालनची पाळी येईपर्यंत उजाडायचं, पुरुष यायला लागायचे, सुंदराबाई म्हणायची, "चला चला, माणसां इली." आणि मालन भरलेलं टमरेल तसंच घेऊन वर चढायची. "माका काय नाय होना," म्हणायची. "मी सांजेक जायन." सगळ्या तिचं कौतुक करायच्या. प्रेमाही करायची.

त्या उतारावरच्या गप्पा, ती हाळी, ते हसणं, सगळं खरं होतं. आजींना त्यातलं काहीही खोटं म्हणावंसं वाटेना. पण त्या रांगेच्या शेवटी एक पोर रोज भरलेलं टमरेल घेऊन उभी होती, हेही तेवढंच खरं होतं, आणि इतक्या वर्षांच्या आठवणींत त्यांनी तिला कधी वळून बघितलं नव्हतं. प्रेमाआजी त्या चकचकीत बाथरूममध्ये तोंडात पदर धरून रडल्या. रडता रडता अंग सैल पडलं आणि त्यांचा नेम एकदाचा मोडला.

बाहेर आल्या तेव्हा निधी दोन्ही हात पसरून दार अडवून उभी होती. "मी कुणालाच सोडलं नाही."

"शाबास. आता तुझी पाळी. मी उभी आहे दाराशी."

निधीने एकदा आजीकडे, एकदा दाराकडे पाहिलं आणि आत गेली. आजी दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. गंधाली समोर येऊन थांबली. मग आतून आवाज आला, आणि तो इतका वेळ येत राहिला की पिवळ्या ड्रेसवाली बाई म्हणाली, "देवा, आता मला नका ऐकवू."

दुसऱ्या खेपेला खोलीत आजींनी गंधालीचा हात धरला होता की गंधालीने त्यांचा, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. डॉक्टर जयवंतांनी यंत्र फिरवलं. उजवी किडनी दिसली. मधला काळा भाग नाहीसा झाला होता. डावीकडे त्या बराच वेळ थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा आल्या.

"ओसरलंय," त्या म्हणाल्या. गंधालीने सोडलेला श्वास सगळ्या खोलीत ऐकू आला. "पण हे बघा. डावीकडे वरच्या टोकाला कड जराशी आत गेलीय. बहुतेक जुन्या तापाचा वण आहे. तो पक्का आहे का, हे वेगळ्या तपासणीत कळेल. तेवढा भाग परत येणार नाही. बाकीची किडनी चांगली आहे, आणि ती चांगली ठेवणं आपल्या हातात आहे. मुलांचे डॉक्टर औषध देतीलच, पण खरं औषध म्हणजे हिने भरपूर पाणी प्यायचं आणि दर दोन-तीन तासांनी शूला जायचं. लागलेली असो नसो. हिला आता लागल्याचं नीट कळतच नाही, इतकी सवय झालीय. कुणीतरी वेळेवर न्यायला हवं."

निधी चपला घालत होती. आजी पलंगाजवळ घोटाळल्या.

"डॉक्टर, मघाशी तुम्ही विचारलंत ना, घरात कुणाला होतं का. मी नाही म्हटलं. माझी धाकटी बहीण होती. मालन." आणि त्यांनी सांगितलं, सुजलेलं तोंड, डोकेदुखी, ताप, दाराशी उभं राहणं, सगळं. गंधाली ऐकत होती. लग्न होऊन आल्यापासून तिने हे नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. "तेव्हा हे मशीन असतं," आजी म्हणाल्या, "तर दिसलं असतं का हो?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजी, इतक्या वर्षांनी मी नक्की कसं सांगू? किडनीचंच असावं, असं वाटतं खरं. आत बघता आलं असतं तर कदाचित वेळेवर कळलं असतं."

"कदाचित" या शब्दाने आजींना बरं वाटलं की वाईट, त्यांचं त्यांनाच कळेना. पण मालनच्या जाण्याला पहिल्यांदा काहीतरी नाव मिळालं होतं.

परतीच्या रिक्षात निधी मध्ये बसून पेंगायला लागली. मेट्रोच्या पुलाखाली सिग्नल लागला. गंधाली म्हणाली, "शाळेत मी बोलते. टीचरना चिठ्ठी देते, संडास साफ ठेवायला सांगते, भांडावं लागलं तर भांडते."

"मला ने," आजी म्हणाल्या. "भांडायला मी बरी."

गंधाली हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "आणि घरी आल्यावर... आई, दर दोन तासांनी न्यायचं तर पाळणाघरात कोण नेणार तिला? तुम्ही द्याल ना हाळी?"

आजींनी मान डोलावली आणि पर्समधला चिक्कीचा तुकडा काढून सुनेच्या हातात दिला. दुसरं काही जवळ नव्हतं.

घरी आल्यावर निधी खेळत बसली. गंधालीने बँकेत रजा टाकली होती, ती तांदूळ निवडत होती. दुपार कलली तेव्हा आजी उठल्या, खिडकीशी गेल्या. खाली, पूर्वी जिथे संडासांची रांग होती तिथे आता इमारतीचं पार्किंग होतं. त्यांनी ओवा मुळासकट अलगद काढून एका प्लास्टिकच्या डब्यात लावला. टमरेल विसळलं, पदराने पुसलं आणि बांगड्यांनी वाजवलं. आवाज अजून तसाच होता, थोडासा फाटका.

"चला गो!"

निधी धावत आली. "पण मला नाही लागलीय आजी."

"तरी चल."

बाथरूमच्या दाराशी येऊन निधी थांबली. आपलं काम तिला पक्कं आठवत होतं. ती दाराला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "तू जा आधी. मी दार धरते."

"नाही गो," प्रेमाआजी म्हणाल्या आणि त्यांनी तिचे हात खाली घेतले. "आधी तू. दार धरायचं काम माझं."